जाळ, धूर आणि त्यांचा हिशेब

टर्बोचा आवाज पहिल्यांदा ऐकला की पोरं वेडी होतात. आधी बारीक शीळ, ती चढत जाते, आणि पाय सुटला की ‘फुस्स’. आमच्या उद्यमनगरात संध्याकाळी लेथ बंद होऊन शटरं अर्ध्यावर आली, की एखाद्या गल्लीतून ही शीळ ऐकू येते आणि चार माणसं चहाचा कप हातात घेऊनच बाहेर येतात. ‘जाळ अन् धूर संगटच!’ कुणीतरी म्हणतंच. कोल्हापुरात याच्या वरचं कौतुक नाही.

मी दिवसा शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरी करतो आणि संध्याकाळी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या गॅरेजवर असतो. तिथं गाड्यांना बाहेरून टर्बो बसवणं आणि मग त्याचं ट्यूनिंग करणं, म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी द्यायची ते जुळवणं, हे काम चालतं. ओतकाम काय आणि इंजिन काय, दोन्हीकडे माझी गाठ उष्णतेशीच पडते. म्हणून मला टर्बोबद्दल जे वाटतं ते शिळेशी फारसं संबंधित नाही. वाया जाणाऱ्या आगीवर माणसानं काढलेला इतका देखणा तोडगा दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि त्या आगीचा हिशेब न ठेवता टर्बो बसवणाऱ्यांचा मला तितकाच मनापासून राग येतो.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. जवळपास तेवढीच रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून जाते. गाडी ओढायला उरतो तो बाकीचा. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या नासाडीवर पेटंट घेतलं. धुराच्या वाटेत एक चाक, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं दुसरं चाक. धूर पहिल्याला फिरवणार, दुसरं इंजिनात हवा कोंबणार. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येणार, म्हणून ताकद जास्त. हाच टर्बो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यानं विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात हौस नाही, गरज आहे. वर हवा नाही, तर हवा करून घ्या.

गाड्यांमध्ये टर्बो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन अमेरिकन गाड्या टर्बो घेऊन बाजारात आल्या. जेटफायरमध्ये इंजिनानं नॉक करू नये, म्हणजे आत इंधनाचा अवेळी भडका उडू नये, म्हणून पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिलेली होती. मालक ती भरायलाच विसरायचे. पुढं १९७७ मध्ये रेनॉनं फॉर्म्युला वनमध्ये टर्बोची गाडी उतरवली, तेव्हा तिच्या धुरामुळं इंग्रज तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हसले. दोन वर्षांत त्याच किटलीच्या पुढच्या अवतारानं फ्रेंच ग्रांप्री जिंकली आणि हसणाऱ्यांनाही टर्बो लावावा लागला.

आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. पाइक्स पीकपुढं ही काही उंची नव्हे, पण कोकणातल्या किनाऱ्यापेक्षा इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी पातळ आहेच. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरून साधी गाडी खाली गेली की ती जरा मोकळी वाटते, त्याचं कारण ड्रायव्हरच्या मनात नसतं, हवेत असतं. टर्बोच्या गाडीला हा फरक भरून काढता येतो. मात्र त्यासाठी टर्बाइन, म्हणजे धुराकडचं चाक, जास्त फिरतं, हवा जास्त तापते, आणि हे डॅशबोर्डवरच्या बूस्ट गेजला अजिबात कळत नाही. ते गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे एवढंच सांगतं. एकूण दाब किती, ते इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरचा सेन्सर सांगतो. ट्यूनिंग करणाऱ्यानं दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो.

या शहराला यंत्राचा नाद आजचा नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. परदेशी कॅमेरा पाहायचा, उघडायचा, समजून घ्यायचा आणि आपला बनवायचा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात. विहिरीवरचं पाणी उपसणारी ऑइल इंजिनं, त्यांचे सुटे भाग, उसाचे चरक, हे सगळं याच गल्ल्यांत उभं राहिलं. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक सोनं लुटायच्या आधी गाडीकडं बघतात, आणि त्या गर्दीत निम्मे जण तिच्या इंजिनाबद्दलच बोलत असतात. कागलला आज किर्लोस्करांची इंजिनं बनतात. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या पट्ट्यातल्या भट्ट्यांमधून देशभरच्या वाहनांचे भाग ओतले जातात. म्हणजे टर्बो हा इथं परका पाहुणा नाही. त्याच्या नात्यातली माणसं इथं आधीपासून राहतात.

ओतकामाचं सांगायचं तर टर्बोचा धुराकडचा भाग, म्हणजे टर्बाइनचं घर, हा आमच्या धंद्यातला अवघड मामला. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या वर जातो. साधं बीड इतकं सोसत नाही. ते फुगतं, त्याच्यावर खपल्या धरतात, आणि तापणं-निवणं वारंवार झालं की तडा जातो. म्हणून तिथं एसजी आयर्न लागतं, म्हणजे ज्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसलेलं असतं असं लोखंड. त्यातही साधारण ४ टक्के सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम घातलेली जात वेगळी. त्याच्याही पुढं जायचं तर निकेल भरपूर असलेलं लोखंड, नाहीतर स्टेनलेस. आतलं चाक तर लोखंडाचं नसतंच. ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं, कारण लालभडक होऊनही त्याला मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरायचं असतं. हे आकडे मी रोज ऐकतो, तरी दरवेळी थांबतो. आपल्या लेथचा चक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर गेला तरी आपण मागं सरकतो.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त टर्बो घेऊन कुणी आला, की मी आधी त्या घराच्या कडेला बोट फिरवतो. फेटलिंग, म्हणजे ओतल्यानंतरची साफसफाई, कशी झालीय, आतली पोकळी राखणाऱ्या गाभ्याच्या वाळूचे कण आत राहिलेत का, फ्लँज सपाट आहे का. घराच्या आतली जीभ, जिथं धूर चाकाकडं वळतो, तिथली जाडी एकसारखी आहे का. मग मिस्त्री शाफ्टला डायल लावतात. आडवा थोडा खेळ चालतो, कारण फिरताना तिथं तेलाचा पदर येणार असतो. पुढं-मागं मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही खेळ चालत नाही. तसा दिसला, की मिस्त्री टर्बो कापडात गुंडाळून मालकाच्या हातात परत देतात. त्यावर भांडण होतं. मिस्त्री भांडत नाहीत, नुसतं डायलकडं बोट दाखवतात.

आता तेलाबद्दल. टर्बो बसवण्याच्या कामात बोल्ट-फ्लँज-पाइप यांची चर्चा सगळे करतात, आणि जे काम सगळ्यात मन लावून करायला हवं ते घाईत उरकतात. ते म्हणजे तेल परत यायची वाट. टर्बोला तेल इंजिनातून दाबानं जातं. त्याला काही मिलिमीटरची बारीक नळी पुरते. पण शाफ्टमधून घुसळून बाहेर पडलेलं तेल दाबाखाली नसतं. त्यात हवा मिसळलेली असते, फेस झालेला असतो, आणि ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली येतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, अर्ध्या इंचापेक्षा कमी तर नकोच, आणि जवळजवळ उभी हवी. कुठंही पोट नको, वळण नको, चढ नको. शेवटी ती ऑइल चेंबरमध्ये उतरते तिथंही तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवी. खाली उतरली तर तेल तुंबतं, मागं साठतं, शाफ्टच्या रिंगांवरून धुरात जातं आणि गाडी निळा धूर टाकते. मग लोक म्हणतात, टर्बो खराब आला.

मिस्त्रींचं हे काम बघण्यासारखं असतं. चेंबर जागेवर ठेवून भोक पाडायचं ते ऐकूनच घेत नाहीत. ‘चुरा आत पडला तर बेअरिंगला कोण समजावणार?’ चेंबर खाली काढायचं, डिझेलनं धुवायचं, डिपस्टिकच्या खुणेवरून तेलाची पातळी आतून खडूनं आखायची. त्या रेघेच्या वर, पण क्रँकच्या तेलाच्या उडण्याच्या आड न येईल अशी जागा शोधायची. मग भोक, मग टर्नरकडून करून आणलेली अॅल्युमिनियमची बुशी, मग आर्गॉन वेल्डिंग. वेल्डिंग झालं की खरी परीक्षा. बाहेरून सांध्यावर ओला खडू फासायचा, वाळू द्यायचा, आत डिझेल ओतायचं आणि चेंबर रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी खडूवर कुठं काळसर डाग दिसला की वेल्ड पुन्हा. एक्स-रे नाही, महागडं यंत्र नाही, पण केसाएवढी फट यातून सुटत नाही. आमच्या फाउंड्रीतले जुने लोकही चेंबरचं कास्टिंग असंच तपासायचे.

एका पोरानं त्यांना विचारलं होतं, ‘मामा, एवढा वेळ एका नळीला?’ मिस्त्री मान वर न करता म्हणाले, ‘तेल वर चढत नसतंय बाळा, खाली पडतंय. त्याला जोर नको, उतार पायजे.’

पहिल्यांदा इंजिन चालू करायच्या आधी ते फ्युएल पंपाचा फ्यूज काढतात आणि नुसता स्टार्टर मारतात. परतीच्या नळीतून तेल आलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय फ्यूज परत बसत नाही. कोरड्या शाफ्टला दोन लाख फेऱ्यांचं काम सांगायचं नसतं, ही अगदी साधी माणुसकी आहे, आणि ती यंत्रालाही लागू आहे.

पाइप जोडून झाले, गाडी चालू झाली, शीळ आली. बहुतेकांचं काम इथं संपतं. माझं इथून सुरू होतं.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचं बूड हाताला लागलेलं प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बाहेर ३५ अंश असताना, आणि कोल्हापुरात एप्रिलमध्ये ते असतंच, अर्धा बार बूस्ट दिला तर बऱ्यापैकी टर्बोमधूनही हवा नव्वद अंशांच्या आसपास तापून बाहेर येते. एक बार दिला तर एकशेतीसवर. आणि तापलेली हवा फुगलेली असते. अर्धा बार म्हणजे दीडपट दाब, म्हणून दीडपट हवा, असा भाबडा हिशेब लोक मांडतात. प्रत्यक्षात नव्वद अंशांना ती सव्वापटीच्या थोडी वर जाते, बस्स. मध्ये चांगला इंटरकूलर टाकून हवा पन्नासवर आणली, तर तीच एक पूर्णांक चार पटीच्या वर जाते. बूस्ट तेवढाच, टर्बो तोच, फक्त मध्ये एक जाळी. म्हणून कुणी विचारलं की बूस्ट किती ठेवू, तर मी आधी इंटरकूलर कुठं बसवणार ते विचारतो. बंपरच्या मागं नंबर प्लेट आणि हॉर्नच्या आड बसवलेला इंटरकूलर फक्त फोटोत गार असतो.

ताकद कमी मिळणं हे तापलेल्या हवेचं छोटं नुकसान. मोठं नुकसान नॉकिंगचं. स्पार्कनं पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णता आणि दाब सहन न होऊन आपसूक भडकतं, आणि पिस्टनवर हातोडा बसतो. टर्बो नसलेल्या आजच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, दहा-साडेदहाला एक असं असतं. ते मुळात बूस्टसाठी बनलेलंच नसतं. अशा इंजिनावर थोडा बूस्ट देता येतो, पण स्पार्क मागं घ्यावा, म्हणजे उशिरा द्यावा लागतो, मिश्रण गडद करावं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवावं लागतं, प्लगची फट कमी करावी लागते, कारण दाबलेल्या हवेत मोठ्या फटीतली ठिणगी विझते. जास्त हवं असेल तर इंजिन उघडायचं आणि पिस्टन बदलायचे. रिंगांच्या टोकांमधली फट वाढवायची, नाहीतर तापून फुगलेली टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठच उडतो. क्लच, ब्रेक हे वेगळंच.

सगळं ट्यूनिंग आम्ही डायनोवर करतो. गाडीची चाकं रोलरवर, पट्टे बांधलेले, समोर मोठा पंखा. माझ्या मांडीवर लॅपटॉप. मिस्त्रींच्या कानाला हेडफोन, कारण ब्लॉकवर एक मायक्रोफोन बोल्टनं आवळलेला असतो. एकेका टप्प्यावर आम्ही थांबतो : सिलिंडरमध्ये इंधन-हवेचं प्रमाण काय, आत जाणारी हवा किती अंशांवर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर गेला की त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. पुढं बूस्ट वाढवला तर हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर शांत चालताना चौदा पूर्णांक सात भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण ठीक. पूर्ण बूस्टवर ते साडेअकरा-बाराच्या दरम्यान आणावं लागतं. जास्तीचं पेट्रोल जळायला नसतं, वाफ होऊन आतली उष्णता ओढून घ्यायला असतं. मिस्त्री हात वर करतात, मी पाय... म्हणजे गाडीत बसलेला पोरगा पाय सोडतो. हेडफोनमध्ये बारीक टकटक ऐकू आलेली असते. लॉगमध्ये त्याच जागी नॉकची रेघ उठलेली दिसते. बहुतेक वेळा त्यांचा हात आधी, माझी रेघ नंतर.

गुऱ्हाळावर काहिलीशेजारी उभा राहणारा गुळव्या मला अशा वेळी आठवतो. रस उकळतोय, चुलाण पेटलंय, फेसाचा रंग बदलतोय. तो एक थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी करून बघतो आणि म्हणतो, उतरवा. आणखी थोडं थांबलं तर गूळ काळा, आधी उतरवला तर बसतच नाही. ट्यूनिंगमध्ये नेमकं तेच ‘उतरवा’ म्हणणं अवघड असतं. फरक एवढाच, की काहील डोळ्यांसमोर असते. सिलिंडरच्या आत डोकावता येत नाही. म्हणून जुनी माणसं प्लग काढून त्याच्या पोर्सलीनचा रंग वाचायची, आम्ही सेन्सर वाचतो, आणि माझ्या मते दोन्ही वाचायला हवं. नुसता इंटरनेटवरून उतरवलेला मॅप, म्हणजे इंधन-ठिणगीचा तयार तक्ता, टाकून गाडी सोडून देणारे लोक काहिलीकडं पाठ करून गूळ काढतात.

ऊस निघालाच आहे तर इंधनाबद्दलही सांगतो, कारण आमच्या जिल्ह्याला यात खास रस असावा. पंपावर आता मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि त्यातलं काही इथेनॉल साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं. पंचगंगेच्या काठचा ऊस काही अंशी गाड्यांच्या टाक्यांत जातोय. ट्यूनिंगच्या दृष्टीनं इथेनॉल गुणी आहे. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर, म्हणजे नॉकिंगला ते सहज बळी पडत नाही. वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं. परदेशात टर्बोवाले ८५ टक्के इथेनॉलच्या मागं लागतात ते यामुळंच. पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळं लिटरमागची ऊर्जा कमी. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला एक भागामागं साडेतेराच भाग हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त पाजावं लागतं. जुन्या पेट्रोलवर बेतलेला, काठावरचा मॅप आणि कमी मापाचे इंजेक्टर असलेल्या गाडीत हे इंधन भरलं, की जी मोकळीक उरलेली वाटत होती ती संपलेली असते. रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकणारे आहेत का, ते तर आधी बघायचं. मी आता आकड्यांऐवजी लॅम्डामध्ये बोलतो. इंधन कुठलंही असो, लॅम्डा एक म्हणजे त्याला हवा पुरेपूर, त्याच्या खाली म्हणजे गडद. पूर्ण बूस्टवर शून्य पूर्णांक आठच्या आसपास. पोरांनी हे शिकून घ्यावं. पंपावरचं मिश्रण उद्या बदललं तरी शिकलेलं बदलत नाही.

‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हा आमच्याकडचा हिशेब. टर्बो त्यात बसत नाही. पाय दाबला की आधी धूर वाढणार, मग चाक वेग घेणार, मग हवा येणार. या मधल्या वेळाला लॅग म्हणतात आणि पोरांना तो सोसवत नाही, तरी विकत घेताना ती हटकून मोठाच टर्बो निवडतात, कारण मोठ्याचा आकडा मोठा. मोठं चाक जड असतं, उशिरा जागं होतं. कोल्हापूरच्या रहदारीत ते बहुधा झोपूनच राहील. छोटं चाक लवकर उठतं, पण वरच्या फेऱ्यांत त्याचा घसा दाटतो. कंप्रेसरचा, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाचा, नकाशा घेऊन आपल्या इंजिनाला किती हवा लागते ते त्यावर मांडलं, की कुठला टर्बो हवा ते कागदावरच कळतं. फियाटचं १.४ लिटरचं टी-जेट इंजिन आठवा. लिनिआमध्ये ते ११४ पीएस ताकदीचं होतं आणि २०१५ च्या अबार्थ पुंटोमध्ये १४५ चं. दोन्ही गाड्या आपल्या रांजणगावच्या. इंजिन तेच, पण त्या वाढीव एकतीसच्या मागं कारखान्यानं बूस्ट, मॅप, ब्रेक, सस्पेन्शन सगळं पुन्हा बसवलं होतं. कारखाना, ज्याच्या हातात प्रयोगशाळा आहे, तो एकतीससाठी एवढं करतो. आणि गल्लीत एका रविवारात शंभर वाढवून मागतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, ती कुणाला आवडो न आवडो. अशी बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. विमा कंपनीला हे कारण पुरतं. पण मला कायद्याआधी आमचे रस्ते दिसतात. गळीत हंगामात राधानगरी रस्त्यावर, कागल-मुरगूडकडं, रात्री उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालतो. मागं रिफ्लेक्टर असेल तर नशीब. ट्रॉलीबाहेर दोन-दोन फूट ऊस आलेला. समोरून अंधारात बैलगाडी. त्या रस्त्यावर बूस्ट अंगात आल्यावर गाडी ज्या वेगानं अंतर खाते, त्याची कल्पना चालवणाऱ्याला येईपर्यंत ट्रॉली आलेली असते. मी अशा अपघातानंतरच्या गाड्या यार्डात पाहिल्यात. टर्बो शाबूत असतो.

म्हणून आम्ही नियम केलाय : टर्बोची गाडी टोइंगवर येणार, टोइंगवर जाणार, आणि ट्रॅकवर चालणार. कोल्हापूरला याची सवय नाही असं नव्हे. हुपरी रस्त्यावर मोहिते रेसिंगचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि इथली पोरं राष्ट्रीय शर्यतींपर्यंत गेली आहेत. कार्टला टर्बो नसतो, पण वळणात ओळ कशी धरायची, ब्रेक कुठं सोडायचा, हे तिथं जितकं स्वस्तात शिकता येतं तितकं दुसरीकडं नाही. गाडीची ताकद वाढवायला आलेल्या पोराला मी आधी तिकडं धाडतो. काही जण परत येत नाहीत. जे येतात ते टर्बोच्या आधी टायर आणि ब्रेक पॅडबद्दल विचारतात, आणि त्यांच्याशी बोलायला मजा येते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक आला. पॉलिटेक्निकचा, हातकणंगल्याकडचा. जुनी हॅचबॅक, वडिलांकडून मिळालेली, रस्त्यावरून उतरवून फक्त ट्रॅकसाठी ठेवायची तयारी. मी त्याला चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून, मग लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची तपासणी, करून ये म्हटलं. आठवड्याभरानं वहीत लिहून घेऊन आला, थंड इंजिनाचे वेगळे, तापलेल्याचे वेगळे. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी होता. ‘दादा, आधी हेच बघूया न्हवं?’ म्हणाला. मिस्त्रींनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘हे पोरगं कामाचं हाय.’ व्हॉल्व्ह बसत नव्हता. हेड उतरवून सीट घासून घेतली. टर्बो अजून खोक्यातच आहे, आणि त्याला घाई नाही.

त्याच्याच इंजिनासाठी आम्ही एक काम हाती घेतलंय. बाजारात त्या मॉडेलला टर्बोचं मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोला देणारा भाग, मिळत नाही. मिळतं ते पाइप वाकवून वेल्ड केलेलं, ज्याला टर्बोचं वजन आणि उष्णता मिळून काही महिन्यांत चीर जाते. तर मॅनिफोल्ड ओतूनच काढायचं ठरवलं. सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी. पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, तयार आहे, तो उद्यमनगरातल्या एका सुतारानं केला, ज्याच्या वडिलांनी पंपांचे पॅटर्न केले होते. अडचण गाभ्याची आहे. चार नळ्या एकत्र येतात तिथं गाभा पातळ पडतो. वितळलेलं लोखंड भरताना तो तरंगून सरकला तर एका बाजूची भिंत पाच मिलिमीटर आणि दुसरी तीन होईल. मग तिथंच तडा. एवढं सिलिकॉन असलं की गार झाल्यावर कास्टिंग ठिसूळही असतं, म्हणून साच्यातून काढायची घाई चालणार नाही, फेटलिंगला हातोडा जपून. पहिले दोन नग आम्ही बसवण्यासाठी ओतणारच नाही. ते आडवे कापून चारही नळ्यांची भिंत मोजायची, आणि तुकड्याला पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ग्राफाइटच्या गोळ्या बघायच्या. पोरगा कापायच्या दिवशी रजा काढून येणार आहे. मिस्त्रींचं म्हणणं पडलंय की तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या जोडावर अजून चार मिलिमीटर गोलाई द्या, सुतार म्हणतो तेवढी दिली तर पॅटर्न साच्यातून सुटताना वाळू ओढेल. उद्या सकाळी दोघांना समोरासमोर बसवायचंय.